वाढत्या मापाचा टर्बो

आमच्या घरात बरोब्बर मापाचं असं काहीच नाही. तीन माणसांना पाच लिटरचा कुकर आहे. पडदे खिडकीपेक्षा वीतभर लांब आहेत. माझ्या लग्नातला सूट वडिलांनी "पुढे अंग भरेल" म्हणून असा शिवून घेतला होता की त्यात आजही माझ्यासोबत एखादा बारीक पाहुणा मावेल. वडील गिरणीत होते आणि त्यांचं म्हणणं असं की कपडा, भांडं आणि बूट घेताना आजचा विचार करायचा नसतो. दुकानात मला बूट घालून उभं केलं की ते खाली वाकत, बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघत आणि आत बोटभर मोकळी जागा लागली की दुकानदाराला म्हणत, "बांधून द्या." त्या मोकळ्या जागेत कापूस घालायचा. पाय वाढेल तसा कापूस कमी करत जायचं. कापूस संपेपर्यंत बूट फाटलेला असायचा आणि मग आम्ही पुन्हा दुकानात.

माझी मुलगी ऋतिका, तिलाही मी असंच वाढवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष काही लोक टर्बोला देतात. टर्बोची काही चूक नव्हती.

तर, आमची एक चौदा वर्षांची डिझेल गाडी आहे. मुलुंड पूर्वेला सोसायटीच्या इमारतीखाली ती वर्षभर झाकून उभी असते आणि गणपतीत आम्हाला मालवणला नेऊन आणते. ऋतिका मेकॅनिकल इंजिनिअर. ठाण्यात एका कंपनीत नोकरी करते आणि रविवारी मिथुन नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये हात काळे करते. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, गाडी नुसती उभी असते. हिलक्लाइंबला देशील?"

हिलक्लाइंब म्हटल्यावर मला सहल वाटली. डबे घ्यायचे, येऊरच्या बाजूला कुठेतरी चढून जायचं, सावलीत खायचं आणि उतरायचं. मी हो म्हणालो. पुढच्या रविवारी गाडीची मागची सीट आमच्या हॉलमध्ये आली.

सीट आल्यानंतर मला समजावून सांगण्यात आलं की ही शर्यत असते. घाटाचा साडेतीन किलोमीटरचा तुकडा बंद करतात, खालून एकेक गाडी सोडतात आणि वर पोचायला किती सेकंद लागले ते मोजतात. दोन फेऱ्या मिळतात, त्यातली चांगली धरतात. शर्यतीसाठी बदललेली गाडी एरवी रस्त्यावर चालवायची नसते, ती ट्रकवर चढवून न्यायची. म्हणजे जी गाडी घाट चढणार, ती घाटापर्यंत दुसऱ्या गाडीवर बसून जाणार. इथपासूनच माझा गोंधळ सुरू झाला.

पण गोष्ट गमतीची नव्हती. मिथुनकडे शर्यतीची एक खरीखुरी गाडी होती आणि तिचा ड्रायव्हर परदेशी चालला होता. मिथुननं ऋतिकाला सांगितलं होतं, "तुझ्या बाबांच्या गाडीनं तिच्या मापाच्या गाड्यांच्या वर्गात पहिल्या पाचात ये. मग पुढचा सगळा मोसम माझी गाडी तुझी." हे सांगताना तिचा जो चेहरा झाला होता, तो मी तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. त्यामुळे सीटबद्दल मी काही बोललो नाही. वसुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या सीटवर बसून मेथी निवडायला सुरुवात केली आणि सीट घरचीच झाली.

आता टर्बो. गाडीत कंपनीचा एक बारकासा टर्बो होता, तो थकला होता. टर्बो म्हणजे काय ते ऋतिकानं मला सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या पंख्यानं बाहेरची हवा इंजिनात कोंबायची. जास्त हवा, जास्त ताकद. वाया जाणाऱ्या धुरातून ताकद काढायची ही कल्पना मला एकदम आपल्या घरातली वाटली. रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देणाऱ्या माणसाला टर्बो कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. टर्बोबद्दल मला कळलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट. त्यानंतर जी जी माहिती मिळाली तिनं मी जास्त जास्त अडाणी होत गेलो.

एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये मी एकतीस वर्षं काढली. आत आलेला प्रत्येक माल तपासायचा, खोक्यावर निळ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची आणि खाली लिहायचं, "तपासले. नं.कु.त." नंदकुमार तळवडेकर. निवृत्त झाल्यावर ती पेन्सिल मी घरी आणली. घरात तपासण्यासारखं फारसं काही येत नाही. दुधाच्या पिशवीवर खूण केली तेव्हा वसुधा बोलली होती, तेव्हापासून तेही बंद झालं. अशा अवस्थेत ऋतिका म्हणाली, "बाबा, बाजारात कुठले कुठले टर्बो मिळतात ते बघून ठेवशील?" मी रोज गॅरेजमध्ये जाऊन मिथुनला प्रश्न विचारू नयेत म्हणून तिनं हे काम काढलं असावं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मी त्याच दुपारी फाइल घेतली, तिच्यावर "टर्बो" असं लिहिलं आणि आत एक तुलनात्मक तक्ता आखला.

तक्त्यात पाच टर्बो होते आणि अकरा रकाने होते. त्यातल्या एका रकान्याला "ए बाय आर" म्हणतात. ए म्हणजे क्षेत्रफळ आणि आर म्हणजे त्रिज्या, असं ऋतिकानं सांगितलं. कशाचं क्षेत्रफळ आणि कुठून मोजलेली त्रिज्या, हे तिनं तीनदा सांगितलं आणि मी तीनदा "अच्छा" म्हणालो. शिवाय प्रत्येक टर्बोचा एक आलेख असतो. त्यात एकात एक अशी वेडीवाकडी वर्तुळं असतात, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी. मी दोन दिवस तो उलटा धरून अभ्यास केला. वसुधानं तो सुलट करून दिला तरी माझ्या समजुतीत काही फरक पडला नाही. आणि स्पर्धेचा नियम असा, की टर्बो असेल तर इंजिनाचं माप कागदावर दीडपट धरायचं. इंजिन तेवढंच राहतं, पण कागदावर ते मोठं होतं आणि मोठ्या गाड्यांच्या वर्गात जाऊन बसतं. मी विचारलं, "हे अन्यायाचं नाही का?" ऋतिका म्हणाली, "नियम आहे बाबा." एकतीस वर्षं मी हेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो, त्यामुळे गप्प बसलो.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. हॉलमधल्या त्या सीटवर रोज कोणीतरी येऊन बसायचं, वसुधाच्या हातचा चहा प्यायचं आणि सल्ला द्यायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकानं सीएनजी करून घ्या असं सुचवलं. दुसऱ्यानं शर्यतीच्या आदल्या दिवशी टाकी अर्धीच ठेवा आणि नारळ मात्र दोन फोडा, असं कळवलं. मी सगळं "इतर सूचना" या रकान्यात लिहून घेतलं.

सगळ्यात कमी बोलले ते भीमराज साळवे. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एसटीत अठ्ठावीस वर्षं घाटातल्या गाड्या चालवल्या. त्यांनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "नंदू, हे आकडे मला कळत नाय. पण एक सांगतो. घाटात वरची ताकद काय कामाची नाय. गाडी खालून उठली पायजे. वळणावर गाडी मेली तर मग पुढं कितीबी पळव."

"पण भीमराज, ताकद जास्त असलेली काय वाईट?"

"जास्त असूदे रे. वेळेवर असूदे."

हेही मी "इतर सूचना"मध्ये लिहिलं, नारळाच्या खाली.

मग रत्नप्रभाबाईंची नोटीस आली. रत्नप्रभाबाई आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. त्या लिफ्टमध्ये भेटल्या तरी लेखी बोलतात. नोटिशीत म्हटलं होतं की सीट, बंपर व नंबरप्लेट नसलेलं वाहन भंगार समजण्यात येईल आणि ते सात दिवसांत आवारातून हलवावं. माझी गाडी, जिनं मला चौदा गणपती घडवले, तिला भंगार म्हटलेलं मला लागलं. मी फाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"बाई, ते भंगार नाही. स्पर्धेची गाडी आहे."

"असेल ना. पण तसं कोणीतरी म्हटलं पाहिजे."

"मी म्हणतोय की."

"तुम्ही मालक आहात, तळवडेकर. भंगाराचा मालक कधी भंगार म्हणतो का? स्पर्धेत नाव घातल्याची पावती आणून द्या, मी नोटीस मागे घेते."

पावतीसाठी मी स्पर्धेचा फॉर्म उघडला. फॉर्ममध्ये रक्तगट होता, विमा होता आणि एक चौकोन होता. टर्बो बदलला असल्यास त्याचा नंबर लिहा. तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकेना. म्हणजे टर्बो निवडल्याशिवाय फॉर्म नाही, फॉर्मशिवाय पावती नाही आणि पावतीशिवाय आमची गाडी भंगार. त्यात ऋतिकाला ऑफिसनं चार दिवस चाकणला पाठवलं. जाताना तिनं माझा तक्ता पाहिला, पाचातल्या चारांवर काट मारली आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर टर्बोचा नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, "लहान. निळा खोका. दुसरं काही नको."

"अंधेरीला मरोळमध्ये निलेशचं दुकान आहे. त्याच्याशी बोललेय," ती म्हणाली. "तू फक्त जाऊन घेऊन ये."

त्या "फक्त" या शब्दाचं मला वाईट वाटलं. एकतीस वर्षं माल घेतलेल्या माणसाला कोणी फक्त घेऊन ये म्हणून सांगत नाही.

गुरुवारी सकाळी मी मरोळला गेलो. निलेशचं दुकान म्हणजे एक गाळा, तिथे तेलाचा वास आणि गणपतीची तसबीर. त्यानं निळा खोका काढून समोर ठेवला. मी टर्बो बाहेर काढला, पंखा बोटानं फिरवला, तडा कुठे नाही ना ते पाहिलं, नंबर चिठ्ठीशी ताडला. माल उत्तम होता. खिशात पेन्सिल होतीच. मी खोक्यावर खूण केली आणि लिहिलं, "तपासले. नं.कु.त." फार दिवसांनी हाताला बरं वाटलं. तिथेच पैसे देऊन निघालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण शेजारच्या फळीवर लाल खोका होता.

"हा कुठला?" मी विचारलं.

"तो मोठा आहे काका. त्याच कंपनीचा. किमतीत फार फरक नाही."

त्यानं तो काढून दाखवला. मोठा होता. वजनदार, चकचकीत, घेतल्यासारखा वाटणारा. मी नकळत त्याच्या तोंडात अंगठा घालून पाहिला. आत भरपूर जागा होती.

"पण काका, ताईंनी लहान सांगितलाय ना?" निलेश म्हणाला.

"आज लहान. उद्या मुलगी मोठ्या शर्यतीत गेली की?"

"हा वरती जबरदस्त आहे, पण खाली जरा झोपतो."

"झोपतो म्हणजे?"

"म्हणजे उशिरा उठतो."

"उठतो ना पण?"

"उठतो तर."

उठतो म्हटल्यावर माझा प्रश्न संपला. आमच्या घरात सगळेच उशिरा उठतात आणि तरी कामं होतात. मी निळा खोका परत सरकवला आणि म्हणालो, "हा मोठा बांधून द्या." दुकानातून बाहेर पडताना वडिलांची आठवण झाली. ते असते तर त्यांनीही हाच घेतला असता, याबद्दल मला अजूनही शंका नाही.

घरी आल्या आल्या मी फॉर्ममधला चौकोन भरला, पावती काढली आणि रत्नप्रभाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचून नोटीस मागे घेतली, लेखी. मग मी गेटपाशी भीमराजना गाठलं आणि त्यांना सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. मग वॉचमनला सांगितली. मग भीमराजना परत सांगितली. त्याच वेळी ऋतिका बॅग घेऊन आली, मला हात केला आणि वर गेली. मी मागोमाग वर पोचलो तोवर तिनं सीटवर बसून खोका उघडला होता.

"बाबा, हा मोठा आहे."

"वाढत्या मापाचा घेतला," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी परत खर्च नको."

तिनं खोका बंद केला. मग फोन घेऊन गॅलरीत गेली, दोन मिनिटं कोणाशी तरी बोलली आणि परत आली. "बरं," ती म्हणाली. "बसवूया." मला वाटलं, तिला इतका आनंद झाला की शब्द सुचले नाहीत.

शर्यत पुढच्या रविवारी, शहापूरच्या पलीकडच्या एका घाटात होती. आमच्या वर्गात नऊ गाड्या होत्या. मी चौथ्या वळणापाशी दोरीमागे उभा होतो. भीमराजही आले होते, एसटीचा जुना खाकी शर्ट घालून. वसुधा वरच्या टोकाला थांबली होती, कारण तिला गाडी निघालेली बघायची नव्हती, पोचलेली बघायची होती.

ऋतिकाची गाडी आली. सरळ रस्त्यावर ती अशी काही धावली की माझा ऊर भरून आला. मग वळण आलं. गाडी वळली आणि गप्प झाली. धूर निघतोय, इंजिन हुं हुं करतंय, पण गाडी दमलेल्या माणसासारखी पायरी पायरीनं चढतेय. मग एकदम शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला, गाडीनं उसळी घेतली आणि तेवढ्यात पुढचं वळण आलं. ती परत गप्प झाली.

माझ्या शेजारी दुसऱ्या एका संघाचा मेकॅनिक उभा होता. तो हसायला लागला. "कुठल्या शहाण्यानं या बारक्या इंजिनाला एवढा मोठा टर्बो लावलाय?"

"असेल कोणीतरी," मी म्हणालो. "पण मोठा असला तर बिघडलं कुठे?"

"काका, मोठा पंखा फिरवायला धूर पण जास्त लागतो ना. वळणात पाय काढला की पंखा थांबतो. तो जागा होईपर्यंत पुढचं वळण येतं. या घाटात अठ्ठावीस वळणं आहेत. अठ्ठावीस वेळा उठवायचा त्याला."

त्या महिनाभरात टर्बोबद्दल मला स्वच्छ समजलेलं हे पहिलंच वाक्य. ते मला तसं समजायला नको होतं. भीमराजनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

पहिल्या फेरीत ऋतिका नवातली आठवी आली. नववी गाडी वाटेत बंद पडली होती.

तो मेकॅनिक चांगला माणूस होता. त्यानं आग्रहानं मला त्यांच्या तंबूत पाणी प्यायला नेलं. त्यांची गाडीही आमच्याच जातीची डिझेल होती, सुयोग नावाचा बोरीवलीचा मुलगा ती चालवत होता आणि सध्या पाचवा होता. तंबूच्या कोपऱ्यात एक निळा खोका होता, त्यात त्यांनी केळी ठेवली होती. खोक्यावर निळ्या पेन्सिलीची खूण होती. खाली लिहिलं होतं, "तपासले. नं.कु.त."

"हा टर्बो मरोळला मिळाला आम्हाला, शेवटचाच होता," मेकॅनिक म्हणाला. "एक नंबर माल. कोणीतरी तपासून सहीपण करून ठेवली होती. केळं घ्या काका."

मी केळं घेतलं. नाही म्हणायचं सुचलं नाही. ते हातात धरून मी ऋतिकाला शोधत निघालो. सगळं कबूल करायचं असं ठरवलं होतं. ती ॲम्ब्युलन्सपाशी उभी होती आणि डॉक्टरबाईंकडे कापूस मागत होती.

मी धावत पुढे झालो. "कुठे लागलंय? रक्त येतंय का?"

"काही नाही बाबा. बूट मोठे आहेत."

दिवाळीत ते बूट मीच आणले होते. तिला सहा नंबर लागतो. पण सात नंबरवर सूट होती आणि मोजे घातले की बसतात, असं मी म्हणालो होतो. ती ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसली, बूट काढले आणि टोकात कापूस कोंबायला लागली. दोन बोटांनी, दाबून दाबून, मी शिकवलं होतं तसा. सव्वीस वर्षांची मुलगी, अंगात शर्यतीचा अंगरखा, आणि बुटात कापूस.

"आता डाव्या पायानं ब्रेक मारणार आहे," ती म्हणाली. "उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचाच नाही. म्हणजे वळणात पंखा फिरत राहील. पण बुटात पाय सरकतोय, ब्रेकचा अंदाज येत नाही." तिनं नाडी बांधली आणि माझ्या हाताकडे पाहिलं. "केळं कुणाला?"

"तुला," मी म्हणालो.

दुसऱ्या फेरीत तीच गाडी त्याच चौथ्या वळणावर आली. या वेळी ती गप्प झाली नाही. ब्रेकचे दिवे पेटलेले आणि इंजिन ओरडतंय, दोन्ही एकदम. चाकं घासली, मागची बाजू दोरीच्या दिशेनं सरकली आणि गाडी वळणातून निघून गेली. भीमराजनी माझा दंड धरला होता. "पोरगी चालवते," ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षं घाटात गेलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला रडू आलं, आणि आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ती सहावी आली. पाचव्या आलेल्या सुयोगपेक्षा तिला तीन दशांश सेकंद जास्त लागले होते.

मिथुननं निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला. "चांगली चालवलीस," तो म्हणाला. "पण ठरलं ते ठरलं. पाच म्हणजे पाच." मी पुढे होऊन त्याला म्हणालो की चूक माझी आहे, टर्बो मी निवडला. "माहीत आहे काका," मिथुन म्हणाला. "सगळ्या गॅरेजला माहीत आहे."

गाडी ट्रकवर चढवेपर्यंत मी आणि ऋतिका दगडावर बसलो होतो. मी विचारलं, "तुला खोका उघडताच कळलं होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"निलेशला फोन केला होता ना त्याच वेळी. लहान टर्बो तू गेल्यावर तासाभरात विकला गेला होता, नवीन यायला महिना लागणार होता." तिनं बूट काढून कापूस बाहेर ओढला. "मग तुला सांगून काय करणार? गेटवर तू भीमराजकाकांना सांगत होतास, तुझा आवाज मला रिक्षातून उतरतानाच ऐकू आला. रिटायर झाल्यापासून इतकं खूश मी तुला पाहिलं नव्हतं. वाटलं, सांभाळून घेईन. शाळेत मोठ्या बुटांत धावायचे तसं."

मी तिच्या हातातला कापूस घेतला.

"राग आला होता पण," ती म्हणाली. "अजून आहे."

"असूदे," मी म्हणालो.

तो मोठा टर्बो आता आमच्या हॉलमध्ये दाराला अडकण म्हणून असतो. निलेश वापरलेला परत घेत नाही. गाडीतून निघून घरी आला त्या दिवशी वसुधा त्याच्याकडे बघून म्हणाली होती, "आता ह्येचा काय करूचा?" आणि दोन दिवसांनी, वाऱ्यानं दार आपटेना तेव्हा, स्वतःच म्हणाली की वजनाला बरा आहे. मिथुननं त्याच्या गाडीसाठी दुसरा ड्रायव्हर पाहिला. निळ्या खोक्यातला दुसरा लहान टर्बो निलेशकडे महिन्याभरानं आला. तो आणायला ऋतिका स्वतः गेली, मला घेऊन गेली नाही. पुढची शर्यत ती आमच्याच गाडीनं करणार आहे. सीट अजून हॉलमध्येच आहे आणि रत्नप्रभाबाईंनी गाडीबद्दल नवी नोटीस तयार ठेवली आहे, असं ऐकतो.

गेल्या रविवारी मात्र तिनं मला सोबत नेलं. मुलुंड पश्चिमेला, पातळ तळाचे बूट घ्यायला. ब्रेक पायाला कळला पाहिजे, असं मिथुननं सांगितलं होतं. दुकानातल्या मुलीनं सहा नंबर काढला, ऋतिकाच्या पायाकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "काका, सात देऊ का? सैल बरे पडतात. आणि सातवर ऑफर पण आहे."

माझं सगळं आयुष्य तोंडाशी आलं होतं.

"सहा," मी म्हणालो.

ऋतिका बूट घालून उभी राहिली. मी सवयीनं खाली वाकलो. गुडघे कुरकुरले. बुटाच्या टोकावर अंगठा ठेवून दाबला. इतकी वर्षं त्या जागी मला पोकळीच लागत आली होती. या वेळी चामड्याच्या खाली तिचं बोट होतं. तिनं ते आतून हलवलं.

"काय बाबा, आहे जागा?"

"नाही," मी म्हणालो आणि काउंटरवरच्या मुलीकडे पाहिलं. "बांधून द्या."